घाईचे डाव आणि संथ डाव

खरे बुद्धिबळ म्हणजे संथ बुद्धिबळ, घाईचे डाव म्हणजे पोरखेळ, असे म्हणणारे गृहस्थ प्रत्येक बैठकीत एक तरी असतातच. माणसांपुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. घड्याळाने गळा धरला की भल्याभल्यांचा वजीर फुकट जातो. पण हेच गृहस्थ संगणकांच्या बुद्धिबळालाही तोच न्याय लावतात, आणि तेथे माझे त्यांच्याशी भांडण आहे.

अहो, यंत्राला का घाम फुटतो? वेळ कमी दिला तर ते पटावर कमी खोल पाहते, एवढेच. 1994 साली म्युनिकला झटपट डावांच्या स्पर्धेत ‘फ्रिट्झ’ या प्रोग्रामने कास्पारोव्हच्या बरोबरीने पहिला क्रमांक गाठला. मागाहून निर्णायक डावांत कास्पारोव्हने त्याला हरवले. यंत्र घाईत शूर, असा बोभाटा तेव्हा झाला. माझ्या मते यंत्र होते तेवढेच होते. घाईत दुबळा झाला तो माणूस.

आता संथ डावांचा थाट पाहा. 1997 साली न्यूयॉर्कला ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. डाव किती? सहा! पुन्हा सामना झालाच नाही. सहा प्रश्नांवर मी एखाद्या मुलाची वर्षाची परीक्षा उरकली, तर त्याचा बाप काठी घेऊन शाळेत येईल.

शाळामास्तर आहे, म्हणून थोडे गणित मांडतो. दोन्ही बाजूंना दोन दोन तास दिले तर एक डाव चार तास खातो. तेच प्रत्येकी दहा सेकंद आणि दर खेळीमागे सेकंदाचा दहावा भाग दिला, तर साठ खेळ्यांचा डाव बत्तीस सेकंदांत आटोपतो. म्हणजे एका डावाच्या जागी साडेचारशे! प्रोग्राममधली सुधारणा बहुधा चिमूटभर असते. शंभरात पन्नासऐवजी एक्कावन्न गुण, इतकीच. ती खरी की योगायोगाची, हे कळायला दहाएक हजार डाव हवेत, कारण चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. संथ डावांनी एका यंत्राला साडेचार वर्षे लागतील. घाईच्या डावांनी चार दिवस पुरे होतात.

संथपक्षाचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. उथळ पाहण्यात लाभणारी युक्ती खोलात अंगाशी येऊ शकते. उलट, हिशेबाला वेळ खाणारे शहाणपण घाईत फुकट जाते. पण ‘स्टॉकफिश’ची मंडळी हे ओळखून आहेत. दहा सेकंदांच्या चाळणीतून उतरलेला बदल ते पुन्हा मिनिटाच्या चाळणीत घालतात. मिनिटाच्या, दोन तासांच्या नव्हे!

शिवाय वेळ वाढवावा तसे दोन तुल्यबळ यंत्रांचे डाव बरोबरीत सुटू लागतात. 2017 साली ‘अल्फाझीरो’ आणि स्टॉकफिश यांच्यात दर खेळीला एक मिनिट देऊन शंभर डाव झाले. त्यांतले बहात्तर बरोबरीत सुटले. संगणकांच्या मोठ्या संथ स्पर्धेतही निकाल लागावा म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती ठरवून देतात. म्हणजे तराजू हलावा म्हणून एका पारड्यात आधीच खडा टाकायचा!

हे संथ सामने मीही आवडीने पाहतो. पण तेव्हा श्रेष्ठ कोण हे ठरवायला मी बसलेला नसतो. एखादे प्यादे वीस खेळ्या आधी का सरकवले, याचा विचार करीत बसतो, आणि समोरचा चहा निवून जातो.