हे दुकानही आपलेच का?

स्मरणिकेच्या पानांवर आपण बहुधा गतवर्षाचा आढावा घेतो, दिवंगत सहकाऱ्यांचे स्मरण करतो आणि नव्या उपचारांची माहिती देतो. यंदा मी थोडा अप्रिय विषय निवडला आहे. तो आहे आपल्या छोट्या रुग्णालयांतील हितसंघर्षाचा. म्हणजे रुग्णाचे हित आणि आपला, आपल्या आप्तांचा वा कर्मचाऱ्यांचा लाभ एकाच निर्णयात समोरासमोर उभे राहतात, त्या प्रसंगांचा.

२०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुने निसरपूर पाण्याखाली गेले. बाजारातील माझा दवाखाना गेला, तसेच माझ्या मेहुण्याचे औषधांचे दुकानही गेले. पुनर्वसनाच्या वसाहतीत मी लहानसे बालरुग्णालय बांधले, तेव्हा दर्शनी गाळा मेहुण्याला भाड्याने दिला. ज्याचे बुडाले त्याला हात द्यावा, एवढाच विचार मनात होता. कंपाउंडरच्या मुलाने शेजारी रक्ततपासणीची खोली थाटली. परिचारिकेच्या भावाने रुग्णवाहिका घेतली. संकटातून सावरणाऱ्या गावात हे सारे स्वाभाविक होते आणि त्यात मला काही वावगे दिसले नाही.

एके दिवशी जवळच्या खेड्यातील एक आजी खोकणाऱ्या नातवाला घेऊन आली. औषधांची चिठ्ठी हातात घेऊन तिने सहज विचारले, "डाक्टर साब, ये दुकान भी आपकी है क्या?" मी "नहीं" म्हणालो. कागदोपत्री उत्तर खरे होते. पण त्या रात्री जमाखर्च पाहताना ध्यानात आले की त्या दुकानाचे भाडे दरमहा माझ्याच खात्यात येते, आणि ते वेळेवर येणे माझ्या चिठ्ठ्यांवर अवलंबून आहे. आजीचा प्रश्न बरोबर होता. चुकीचे होते ते माझे उत्तर.

अशा वेळी आपण स्वतःची समजूत घालतो, की आपण काही कट घेणारे नव्हे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण येथे आठवते. विंचूदंशावरील संशोधनामुळे ते जगाला ठाऊक आहेत. २०१३ मध्ये एका रुग्णाला तपासणीसाठी पाठविल्याबद्दल त्यांच्याकडे १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रारही नोंदविली. त्यांच्यापुढे आलेला मोह धनादेशाच्या रूपात होता, म्हणून तो ओळखू येत होता. आपल्याकडे तो भाच्याच्या, मेहुण्याच्या, जुन्या कंपाउंडरच्या रूपाने येतो, आणि म्हणूनच ओळखू येत नाही. उपकाराची परतफेड करावी ही वृत्ती माणसात खोलवर असते; लेखणी कोणत्या नावाकडे वळली, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली देणे-घेणे निषिद्ध ठरविले. २००९ च्या डिसेंबरात औषध कंपन्यांच्या भेटवस्तू व प्रवासखर्च यांवरही बंदी आली. २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाने नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे आजही २००२ चेच नियम लागू आहेत. एवढेच काय, १९३२ च्या भागीदारी कायद्याचे सोळावे कलम सांगते की पेढीच्या व्यवहारातून भागीदाराने खाजगी लाभ मिळविला, तर त्याचा हिशेब पेढीला देऊन ती रक्कम भरावी लागते. परंतु परिषदेचे नियम डॉक्टरपुरते आहेत. रुग्णालयातील खरेदी करणारा, रुग्णवाहिका बोलावणारा, तपासणीची चिठ्ठी हातात देणारा कर्मचारी त्यांच्या कक्षेत येत नाही. ती उणीव आपल्यालाच भरून काढावी लागते.

म्हणून आम्ही एक पानाचे धोरण लिहिले. सर्व कर्मचाऱ्यांसमवेत तीन संध्याकाळ बसलो. त्यातील कलमे येथे देतो.

पहिले, दरवर्षी १ एप्रिलला प्रत्येकाने, सर्वप्रथम डॉक्टरने, रुग्णालयाशी व्यवहार असलेल्या कोणाशी आपले नाते, भागीदारी वा देणेघेणे आहे ते वहीत लिहावे. दुसरे, ज्याचे नाते असेल त्याने त्या खरेदीच्या निर्णयात बसू नये. दोन इतरांनी दरपत्रके पाहून ठरवावे. तिसरे, भेटवस्तू घेऊ नयेत. दिवाळीची मिठाई आलीच, तर ती सर्वांसमोर उघडून वाटावी. चौथे, औषध जेनेरिक नावाने, ठळक अक्षरांत लिहावे, आणि तपासणी वा पुढील उपचारांसाठी एकाहून अधिक ठिकाणे सांगावीत. पाचवे, चूक दाखविणाऱ्याला, ती मालकाची असली तरी, त्रास होऊ नये.

दुकानापुढे पाटी लावली: हे दुकान डॉक्टरांच्या नातलगांचे असून जागेचे भाडे डॉक्टरांना मिळते, औषधे कोठूनही घ्यावीत. भाडे विक्रीशी निगडित न ठेवता वार्षिक करारात बांधले.

हे सुखासुखी झाले असे समजू नये. पाटी लागल्यावर मेहुणा कित्येक महिने घरी जेवायला आला नाही. "ताई, जिजाजींनी मला चोर ठरवले," असे तो माझ्या पत्नीला म्हणाला, आणि त्याचे दुःख खोटे नव्हते. एक कलम तर व्यवहारात टिकलेच नाही. प्राणवायूच्या सिलिंडरचा पुरवठादार आमच्या भागात एकच. तुलनेला दुसरे दरपत्रक आणायचे कोठून? अखेर ठरले की पर्याय नसेल तेथे तसे कारण वहीत लिहावे. धोरण हे उपचारासारखेच असते. मात्रा रुग्ण पाहून ठरवावी लागते, पण निदान लपवून चालत नाही.

काही मित्र म्हणतात, छोट्या गावात सारेच नातलग. असे नियम मोठ्या शहरातील रुग्णालयांना शोभतात. मला नेमके उलट वाटते. मोठ्या शहरात रुग्ण दुसरे दार ठोठावू शकतो. निसरपुरासारख्या ठिकाणी आजीला दुसरे दार नसते. नाते असणे हा दोष नव्हे. ते झाकून ठेवणे आणि त्याच निर्णयात स्वतः बसणे हा दोष आहे.

जाता जाता आपल्या संस्थेविषयी. शिशुदुग्ध पर्यायांबाबतचा १९९२ चा, २००३ मध्ये अधिक कडक झालेला कायदा अशा उत्पादकांना डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या संघटनांनाही चर्चासत्रे वा परिषदांसाठी पैसा देण्यास मनाई करतो. औषध कंपन्यांविषयीच्या नियमातून मात्र २०१६ मध्ये 'डॉक्टरांच्या संघटना' हे शब्द वगळले गेले. म्हणजे व्यक्तीला जे निषिद्ध, ते संघटनेच्या बाबतीत तिच्या विवेकावर सोडले आहे. ही स्मरणिकाही जाहिरातींवरच उभी राहते, आणि मीही पूर्वी त्या जाहिराती मागायला गेलो आहे. तेव्हा पुढील अंकापासून कोणत्या जाहिरातदाराकडून किती रक्कम मिळाली, याची यादी शेवटच्या पानावर छापावी, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. मालव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाने येथे जमीनजुमल्याहून अधिक विश्वास कमावला आहे. त्याचा हिशेबही लोकांना दिसायला हवा.

मेहुणा आता पुन्हा जेवायला येतो. दुकान चालते, पूर्वीपेक्षा थोडे कमी. ती आजी गेल्या पावसाळ्यात पुन्हा आली. तिला अक्षर येत नाही. पाटी तिच्या नातवाने वाचून दाखविली. ती हसली आणि औषध घ्यायला रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली.