वादळाला पंचनामा हे उत्तर नव्हे

चक्रीवादळ म्हटले की वऱ्हाडातील माणसाच्या डोळ्यांपुढे कोकणातील उन्मळून पडलेल्या माडा-पोफळी उभ्या राहतात, नाही तर ओडिशाचा किनारा. वाशीम जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या माणसाला चिंता अवर्षणाची, सोयाबीनच्या भावाची आणि नळाच्या पाण्याची. वादळ ही दुसऱ्याच्या अंगणातली आपत्ती आहे, अशी येथील सुशिक्षित, नोकरदार, मध्यमवर्गीय कुटुंबाचीही निश्चिंत समजूत आहे. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे निसर्गाने एकदा नव्हे, वारंवार दाखवून दिले आहे.

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. वाशीमपासून हे ठिकाण सातशे किलोमीटरहून अधिक दूर. वादळाचा जोर ओसरला, पण त्याने वाहून आणलेले पाणी ओसरले नाही. तेलंगण, विदर्भ आणि मराठवाडा ओलांडत ते अरबी समुद्रात उतरले आणि तेथे 'शाहीन' हे नवे नाव घेऊन ओमानवर जाऊन आदळले. वाटेत त्याने काय केले? ऐन सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर शेते पाण्याखाली घातली. २८ सप्टेंबरला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ प्रवाशांसह एस.टी. बस पुराच्या पाण्यात वाहून गेली. उमरखेडचा हा परिसर ज्या पैनगंगेच्या खोऱ्यात येतो, तीच पैनगंगा रिसोड आणि वाशीम तालुक्यांच्या कडेने वाहते. बंगालच्या उपसागरातील वादळाचा आणि वाशीमचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे.

अर्थात वऱ्हाडाचे खरे वादळ नाव घेऊन येत नाही. ते मार्च ते जून या काळात दुपारी चारच्या सुमारास काळ्याकुट्ट ढगांसह येते, अर्ध्या तासात होत्याचे नव्हते करते आणि निघून जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील रब्बी झोडपून काढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये जालना, बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांवर पुन्हा गारांचा मारा झाला. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसापासून आडोसा म्हणून मंदिराच्या आवारातील टिनाच्या शेडखाली थांबलेल्या भाविकांवर कडुनिंबाचे जुने झाड कोसळले आणि सात जण प्राणाला मुकले. ज्या पारसच्या औष्णिक केंद्रात महाराष्ट्राची वीज तयार होते, त्याच गावातील ही घटना. आडोसा म्हणून जे निवडले, तेच काळ झाले.

पंचनाम्याची संस्कृती

अशा प्रत्येक घटनेनंतर एक ठरलेले नाट्य सुरू होते. पालकमंत्र्यांचा दौरा, तलाठ्याची वाट, पंचनामा, मदतीची घोषणा, मदत अपुरी असल्याचे निवेदन, निवेदनाची वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी. आठवडाभराने सर्व शांत. पुढील वादळापर्यंत कोणालाही काही आठवत नाही. वीज पडून माणूस दगावला तर वारसांना ४ लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. परंतु माणूस गेल्यावर जागी होणारी यंत्रणा आणि माणूस गेल्यावरच जागा होणारा समाज, यांत मग फरक तो काय उरला?

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे स्थापन झाली, जाडजूड आराखडे तयार झाले. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण आराखडा जिल्ह्याच्या ठिकाणी कपाटात असतो आणि झाड मात्र मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर पडते. विजेच्या बाबतीत तर कायद्याची गंमत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. पुरवठा ठरावीक वेळेत पूर्ववत झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी, अशी तरतूद २००३ च्या विद्युत कायद्यात आहे. मात्र वीज नियामक आयोगाच्या विनियमांनी वादळ, पूर, वीज कोसळणे यांसारख्या नैसर्गिक आपत्तींचा अपवाद केलेला आहे. म्हणजे ज्या रात्री ग्राहकाला त्या तरतुदीची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच रात्री ती लागू नाही! त्या रात्री जबाबदार कोण? उत्तर कटू आहे, पण एकच आहे : ज्याचे घर, तो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. रायगडातील कित्येक गावांना त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, दूरध्वनी नव्हता. कोकणासारख्या वादळाची सवय असलेल्या प्रदेशाची ही कथा, तर सवय नसलेल्या वाशीमची काय होईल?

एका इन्व्हर्टरचे समाधान

'आमच्याकडे इन्व्हर्टर आहे,' हे मध्यमवर्गाचे ठरलेले उत्तर. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हाती लागतात सुमारे १२००. दोन पंखे आणि चार दिवे लावले की भार होतो १९० वॅट. म्हणजे सहा तासांत खेळ खलास, आणि पुन्हा भरायला हवी ती वीजच. तोच इन्व्हर्टर दिवसा पूर्ण बंद ठेवून रात्री केवळ एक एलईडी दिवा आणि भ्रमणध्वनी यांपुरता वापरला, तर तीच बॅटरी चार-पाच दिवस पुरते. यंत्र तेच, बॅटरी तीच. फरक फक्त संयमाचा. पैशाने विकत घेतलेली सोय म्हणजे सिद्धता नव्हे, हे सांगायला आणखी कोणता पुरावा हवा?

शिवाय वीज गेली म्हणजे केवळ अंधार होतो, हा दुसरा भ्रम. वाशीम शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणी मिळते, खेड्यांना विहिरीवरील पंपातून. पंप थांबला की नळ कोरडा. नळ कोरडा की मिळेल त्या पाण्यावर भागवणे आले, आणि त्यामागून येते गॅस्ट्रोची साथ. पिठाची गिरणी बंद, म्हणून घरात गहू-ज्वारी असून भाकरी नाही. टॉवरची बॅटरी संपली की भ्रमणध्वनी मुका, आणि तो मुका झाला की खिशातील पैसाही मुका. खात्यात लाख रुपये असून किराणा दुकानात शंभराची उधारी मागण्याची वेळ येते. विजेच्या एका तारेला सारा संसार टांगून ठेवणाऱ्या पिढीने स्वतःला प्रगत म्हणवून घ्यावे, हा विनोदच म्हणायचा.

आजी-आजोबांच्या घरात रांजण होता, परसात आड होता, कणगीत धान्य आणि पाट्यावर वाटण होते. 'जुने ते सोने' म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. चिमणीच्या भडक्याने भाजलेल्या लेकीसुनाही त्याच काळातल्या. परंतु त्या घराला चार दिवस जगाशी संबंध तुटला तरी जगता येत होते. आजच्या घराला चार तास जगता येत नाही. सुधारणा स्वीकारताना सिद्धता का टाकून दिली, हा खरा प्रश्न आहे.

घराची सिद्धता म्हणजे काय?

यासाठी फार मोठा खर्च लागतो, असे मुळीच नाही. माणशी चार लिटर धरले तर पाच जणांच्या कुटुंबाला पाच दिवसांसाठी पिण्या-स्वयंपाकाचे शंभर लिटर पाणी लागते. झाकणाची दोन पिंपे आणि क्लोरीनच्या गोळ्यांचे एक पाकीट, एवढीच ही गुंतवणूक. आठ-दहा दिवसांचे दळण आधी आणून ठेवावे. पोहे, मुरमुरे, फुटाणे, गूळ डब्यात असावा. विजेरी आणि सेल, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, सेलवर चालणारा रेडिओ, सुट्या नोटांत चार-पाच हजार रुपये. सातबारा, बँक पुस्तक, आधार, विमा यांच्या प्रती एका जलरोधक पिशवीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि महावितरणचा १९१२ हे क्रमांक भिंतीवर लिहिलेले, कारण बंद पडलेल्या भ्रमणध्वनीत साठवलेला क्रमांक नसल्यासारखाच.

घरातील रुग्णाचा विचार सर्वांत आधी. मधुमेही व्यक्तीचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फ्रिज दोन दिवस बंद राहिला तर ते निरुपयोगी होऊ शकते. कुपी घट्ट डबीत घालून ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवली तर उष्णतेपासून तिचा बचाव होतो. गरिबाच्या घरातला माठ येथे फ्रिजच्या मदतीला येतो.

छपराच्या टिनांवर दगड ठेवण्याची रीत जिल्ह्यात सर्रास आहे. वाऱ्याने टीन उचलले की हेच दगड झोपलेल्या माणसांवर पडतात. टीन लोखंडी हूकने घट्ट आवळावे आणि हे काम मृगाआधी उरकावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर शेतातून निघून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. झाडाखाली माणसाने थांबू नये, जनावरही बांधू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे भ्रमणध्वनीवरील साधन विजेचा इशारा देते. ते गावातील किती तरुणांच्या हाती आहे? क्रिकेटचे धावफलक मात्र प्रत्येकाच्या हाती आहेत.

जनरेटरच्या बाबतीत तर निष्काळजीपणा गुन्ह्याच्या पातळीवर जातो. बंद खोलीत चालवलेला जनरेटर विषारी वायूने झोपेतच कुटुंब संपवतो. चेंजओव्हर स्विच न बसवता त्याची वीज घराच्या वायरिंगमध्ये सोडली तर ती उलट डीपीपर्यंत पोहोचते, तेथे तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढतो आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाईनमन जागीच ठार होऊ शकतो. स्वतःच्या घरातील पंख्यासाठी दुसऱ्याच्या घरातील कर्ता पुरुष घालवणाऱ्याला सुशिक्षित म्हणावे काय? फ्यूज गेला म्हणून गावातल्याच एखाद्या 'झिरो वायरमन'ला डीपीवर चढवणारेही याच माळेचे मणी.

कार्यकर्त्याची कसोटी

'आम्ही कर भरतो, हे सरकारचे काम आहे,' असा युक्तिवाद होईल. सरकारचे काम सरकारने केलेच पाहिजे. पावसाळ्यापूर्वी तारांवरील फांद्या तोडल्या काय, वाकलेले खांब बदलले काय, गावच्या पाणीपुरवठा पंपाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला पर्यायी वीज आहे काय, हे प्रश्न मे महिन्यातील ग्रामसभेत नाव-गावासह विचारले गेले पाहिजेत आणि इतिवृत्तात नोंदवून घेतले पाहिजेत. मात्र स्वतः सिद्ध असलेला समाजच असे प्रश्न ताठ मानेने विचारू शकतो. हात पसरलेला समाज प्रश्न विचारीत नाही, अर्ज करतो.

समाजाने ठरवले तर काय होते, हे याच महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००५ नंतर राज्यात हजारो मेगावॅटची तूट पडली. विदर्भाच्या कोळशावर वीज तयार होत असताना मुंबई उजळलेली आणि वऱ्हाडातील खेडी बारा बारा तास अंधारात, हा अन्याय त्या पिढीने भोगला. त्याच काळात 'अक्षय प्रकाश' योजनेत सहभागी झालेल्या गावांनी संध्याकाळी पंप आणि जड उपकरणे स्वेच्छेने बंद ठेवली, तारेवरील आकडे काढले आणि त्या संयमाच्या बदल्यात गावात दिवा मिळवला. तेथे नवी वीज आली नव्हती, नवी शिस्त आली होती. ओडिशाचे उदाहरण याहून मोठे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या 'फायलिन' वादळाआधी दहा लाखांच्या आसपास लोक सुरक्षित स्थळी हलले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. समुद्र तोच आणि गरिबीही तीच होती. मधल्या चौदा वर्षांत गावोगावी निवारे बांधले गेले, समित्या झाल्या, सराव झाले.

किल्लारीच्या ढिगाऱ्यांतून १९९३ मध्ये, कच्छच्या भूकंपात २००१ मध्ये ज्यांनी स्वतःच्या हातांनी माणसे बाहेर काढली, त्या सेवाभावी कार्यकर्त्यांबद्दल समाजाला रास्त अभिमान आहे. परंतु ढिगारा उपसण्याला जी प्रतिष्ठा मिळते, ती ढिगारा होऊ नये म्हणून केलेल्या कामाला मिळत नाही. वस्तीत एकटे राहणारे वृद्ध कोण, ऑक्सिजनच्या यंत्रावर कोण, दिवस भरत आलेली गर्भवती कोणत्या घरात, कोणाच्या विहिरीवर हातपंप आहे आणि कोणाकडे ट्रॅक्टर, याची एका पानाची यादी प्रत्येक वस्तीत असावी. हे काम एका रविवारचे आहे. त्यासाठी निधी लागत नाही, मंडप लागत नाही, छायाचित्रही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

अक्षय्य तृतीया ते मृग हा वऱ्हाडातील शेतकऱ्याचा पूर्वतयारीचा काळ. बियाणे, वखरणी, घरावरची डागडुजी, सारे याच दिवसांत उरकते. त्याच दिवसांत प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ निवडावी आणि घराचा मुख्य खटका स्वतःच्या हाताने खाली ओढावा. सकाळपर्यंत तो वर करू नये. पाणी किती पुरले, विजेरी सापडली काय, आजोबांचे औषध अंधारात हाती लागले काय, मुले घाबरली काय, याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मांडावा आणि जे कमी पडले ते त्याच आठवड्यात भरून काढावे. स्वेच्छेने घालवलेली ही एक रात्र सक्तीने येणाऱ्या पाच रात्रींचे बळ देईल. ज्या घराने तीही घालवली नाही, त्या घराने उद्या तलाठ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसावे. तलाठी येईल, पंचनामाही होईल. फक्त त्यात काय लिहिले जाईल, हे आज त्या घराच्या हाती आहे, उद्या नसेल.