घरात टीव्ही आहे, मग गरीब कसे?

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येते. अमक्याच्या घरी 32 इंची टीव्ही आहे म्हणे! की लगेच सगळ्यांच्या माना डोलतात. मी उर्दू-मराठी शिकवतो, गणित नाही. पण हा हिशेब मलाही जमतो.

1987 साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा अब्बा मालेगावात यंत्रमाग चालवत. जुम्म्याच्या आधी हातात पडायचे दोनशे रुपये. 14 इंची कृष्णधवल संच तीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे पंधरा आठवड्यांची मजुरी, तीही एक दाणा न खाता. रंगीत संच दहा हजारांच्या घरात; जवळजवळ वर्षाची कमाई. आम्ही पोरे शेजाऱ्यांच्या दारात चपलांच्या ढिगावर बसून बघत असू.

आज त्याच गल्लीतला माग कामगार काम भरपूर असेल त्या आठवड्यात साडेतीन हजार घेतो आणि 32 इंची टीव्ही दहा-अकरा हजारांना मिळतो. तीन आठवड्यांचे काम. मजुरी सतरा पट झाली, टीव्हीची किंमत मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या रंगीत संचाएवढीच राहिली. यात कुणाची मेहेरबानी नाही. 1991 नंतर कंपन्यांची स्पर्धा वाढली, जड काचेची पिक्चर ट्यूब गेली, परदेशातल्या प्रचंड कारखान्यांतून सपाट पडदे येऊ लागले.

बाळंतपण मात्र अशा कारखान्यात होत नाही. खोलीचे भाडे, खासगी दवाखाना, मुलीची कॉलेजची फी यांपैकी काय स्वस्त झाले? टीव्ही हप्त्यावर मिळतो, दुकानदार घरी आणून लावतो. फीसाठी असा दुकानदार मला तरी भेटलेला नाही.

आता शिष्यवृत्तीच बघा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2008 साली आली. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला एक लाख. 2022 मध्ये पहिली ते आठवीची मुले तिच्यातून वगळली, तेव्हाही मर्यादा एक लाखच. भागाकार करा: आठवड्याला 1,923 रुपये. म्हणजे आमचा साडेतीन हजारवाला कामगार, माग वर्षातले सहा-सात महिनेच नीट चालला तरी, बाद! टीव्हीवर बोट ठेवणाऱ्यांनी हा आकडा कुठल्या सालातल्या मजुरीवर बेतलाय, ते एकदा त्याच्या दारात जाऊन त्याला समजावून सांगावे.