हवा भरा, पण किती?

गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीतल्या निम्म्या मंडळींनी तोच एक फोटो टाकलेला आहे. डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर, बोटांनी केलेली 'ओके'ची खूण आणि भोवती ब्रेडच्या तुकड्यांना भुललेले पट्टेरी मासे. लोकेशन मालवण, नाहीतर तारकर्ली. आता रत्नागिरीच्या आसपासही स्कूबा सुरू झाल्यामुळे रत्नागिरीकरांना त्यासाठी चार तास गाडी हाणायची गरज उरलेली नाही. पण त्या फोटोत एक माणूस दिसत नाही. तुमच्या मागे राहून सिलिंडरचा गळा धरणारा आणि तुम्हाला बुडू न देणारा, वरही जाऊ न देणारा इन्स्ट्रक्टर. त्या वीस मिनिटांत तरंगण्याचं सगळं काम तोच करत असतो. आपण फक्त पोझ देतो.

खरी गंमत सुरू होते ती कोर्स केल्यावर. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत किंवा आणखी कुठे ओपन वॉटरचं कार्ड मिळालं, १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळाली, की मागचा तो हात जातो आणि त्याची जागा एक जॅकेट घेतं. त्याला बीसीडी म्हणतात. आणि मग पगार झाल्याच्या रात्री आपण लॅपटॉप उघडून बसतो.

आमचा एक मित्र असाच बसला. नोकरी पुण्यात, आयटीत. घर रत्नागिरीत, मांडवीला. कार्ड मिळून महिना झाला नसेल, तोवर गड्याने जवळपास महिन्याच्या पगाराएवढं जॅकेट ऑनलाइन मागवलं. साइझ एक्सएल, कारण 'थोडं सैल बरं'. लिफ्ट वीस किलोच्या वर, कारण 'जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सेफ ना यार'. ही दोन्ही वाक्यं ऐकायला इतकी शहाणी वाटतात की आम्हीही तेव्हा मान डोलावली होती.

पुढचं घडलं ते दिवाळीनंतरच्या एका शनिवारी. पाणी जेमतेम सात-आठ मीटर, दिसत होतं हातभर. सैल जॅकेट अंगावरून वर सरकत कानापर्यंत आलेलं. खाली जाता येईना म्हणून साहेबांनी कमरेला आणखी शिसं बांधून घेतलं. मग दगडासारखे खाली गेले. तळाशी आपटल्यावर घाबरून बटण दाबलं, जॅकेट फुगलं आणि बाटलीच्या बुचासारखे वर आले. पुन्हा खाली, पुन्हा वर. कान दुखण्यावर निभावलं, कारण वर येताना तो श्वास रोखून न धरता ओरडत होता. श्वास रोखला असता तर छातीत अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि फुफ्फुसाला इजा व्हायला दीड मीटरचं अंतरही पुरतं. डायव्हिंगचा पहिला नियम म्हणून 'श्वास कधीही रोखू नका' हे घोकून घेतात, ते उगाच नाही.

यात जॅकेटची चूक शून्य होती. चूक हिशोबाची होती. आणि हा हिशोब मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जाळी सांधत बसलेल्या कुणालाही तोंडपाठ असतो. जाळ्याच्या वरच्या दोराला बोये, खालच्या दोराला शिसं. दोन्हींचा मेळ बसला तर जाळं पाण्यात उभं राहतं. शिसं वाढवून मग ते पेलायला बोये वाढवत बसलं, तर नुसता दोन्हीकडचा खर्च.

आता तोच हिशोब आपल्याला लावू. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो तो साधारण ११ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर. तो २०० बारपर्यंत भरला की आत जवळपास २२०० लिटर हवा मावते. हवेला वजन कुठलं, असं वाटतं. पण ही हवा अडीच किलोच्या पुढे भरते. डाइव्ह संपेस्तोवर त्यातली दोनेक किलो आपण ओढून संपवलेली असते. म्हणजे सुरुवातीला आपण दोन किलो जड असायलाच हवं, नाहीतर शेवटी रिकामा होत आलेला सिलिंडर आपल्याला वर खेचू लागतो. दुसरी गोष्ट सूटची. रबरातले बुडबुडे खोलवर दाबले जातात, तीन मिलिमीटरच्या सूटची तरंगण्याची ताकद त्यामुळे किलो-दीड किलोने घटते. दोन्हींची बेरीज तीन-चार किलो. आपल्या कोमट पाण्यात जॅकेटला पेलायचं असतं ते एवढंच. वर डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून थोडं जास्त धरा. दहा-बारा किलोची लिफ्ट आरामात पुरते. वीसच्या वरच्या लिफ्टची जॅकेटं थंड देशांत जाड सूट किंवा दोन सिलिंडर घेऊन उतरणाऱ्यांसाठी असतात. ती इथे घातली तर आपण पाण्यात पिशवी ओढत हिंडतो.

आणि शिसं जास्त असलं की पुढचं सगळं बिघडत जातं. जास्त शिसं पेलायला जॅकेटमध्ये जास्त हवा लागते. हवा खोलीप्रमाणे आकार बदलते. दहा मीटरवर ती पृष्ठभागाच्या निम्मी होते. जितकी हवा जास्त, तितका हा बदल मोठा. एक मीटर खाली गेलात की आणखी खाली ओढले जाता, एक मीटर वर आलात की आणखी वर. मित्राचा तो यो-यो यातूनच झाला. त्यामुळे जॅकेट घ्यायच्या आधी शिशाचा आकडा ठरवा. सिलिंडर संपत आलेला, जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास घेऊन धरलेला. अशा वेळी पाण्याची रेषा डोळ्यांपाशी आली, श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जाऊ लागलात, की वजन बरोबर. भरलेल्या सिलिंडरने ही परीक्षा केली तर दोन किलो वर धरा. पुण्या-मुंबईच्या स्विमिंग पूलमध्ये काढलेला आकडा मात्र इथे चालणार नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, म्हणजे किटसकट ८०-९० किलोच्या माणसाला समुद्रात आणखी दोनेक किलो शिसं लागतं.

आता जॅकेट की विंग? १९६१ साली मॉरिस फेंझी या फ्रेंच माणसाने फुगवता येणाऱ्या बनियनसारख्या डायव्हिंग जॅकेटचं पेटंट घेतलं, तिथून ही वस्तू सुरू झाली. आज दुकानात मुख्यतः दोन घराणी दिसतात. एक, नेहमीचं जॅकेट. पोटाभोवती, काखेखाली, पाठीला सगळीकडे हवा. पाण्यावर बसल्यावर मस्त सरळ उभं राहता येतं, खिसे असतात, नवख्याला धीर येतो. दुसरं, विंग. पाठीशी धातूची पट्टी, तिला जोडलेली हवेची पिशवी आणि अंगाला बांधायला हार्नेस. हवा फक्त पाठीमागे, त्यामुळे पाण्यात आडवं राहणं सोपं. पण पाण्यावर आलात की ती थोडं तोंडावर ढकलते. हवा जरा कमी ठेवली आणि मागे रेललं की जमतं. हार्नेसचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे विल्यम होगार्थ मेन या फ्लोरिडाच्या गुहा-डायव्हरच्या नावाने ओळखला जाणारा. दोन इंच रुंदीचा एकच अखंड पट्टा, कमरेला एक बक्कल, चार-पाच डी-रिंगा, मांड्यांमधून जाणारा एक पट्टा. संपलं. तुटायला यात काही नाही.

आमचा कौल रत्नागिरीसाठी विंगला. का ते सांगतो. इथलं पाणी लक्षद्वीपचं नव्हे. काजळी नदीचा गाळ भाट्याला उतरतो, पाऊस संपल्यावरही कितीतरी दिवस पाणी चहासारखं असतं. त्यात कातळांना अडकलेली फाटकी जाळी. अशा पाण्यात अंगावर लोंबणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे गळ. फुगीर खिसे, लटकता गेज, कंबरपट्ट्याचं सुटलेलं टोक, काहीही अडकतं. साध्या हार्नेसवर अडकायला कमी, आणि डाव्या कंबरेच्या पट्ट्यावर छोटी सुरी किंवा दोर कापायचा कटर दोन्ही हात पोचतील असा लावता येतो. तो लावाच. पायाला बांधलेली जेम्स बॉण्डछाप सुरी फोटोत झकास दिसते, पण जाळं पहिल्यांदा तिलाच पकडतं.

दुसरा फायदा कोकण रेल्वेवाल्यांसाठी. स्टीलची पट्टी अडीच-तीन किलोची असते, म्हणजे तेवढं शिसं कमरेवरून कमी. अ‍ॅल्युमिनियमची साधारण किलोभराची; विमानाने अंदमानला जाणाऱ्यांना ती बरी. मात्र एक पथ्य. सगळं वजन पाठीच्या पट्टीत नको, थोडं तरी एका झटक्यात टाकता येईल असं हवं. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' ही संस्था वर्षानुवर्षं अपघातांच्या नोंदी ठेवते. मृत डायव्हरच्या अंगावरचं शिसं जसंच्या तसं सापडणं, हे त्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतं. हवा संपली, घबराट झाली, आणि एक बक्कल ओढायचं सुचलं नाही. जॅकेटमध्ये शिशाचे खिसे असतील तर 'टक्' आवाज येईपर्यंत लावा. वेल्क्रोवाले खिसे वाळूने भरले की आपोआप सुटतात, आणि चार किलोचा खिसा खाली गेला की तुम्ही रॉकेटसारखे वर.

फिटिंगचं काय, तर सूट घालून, पट्टे आवळून, जॅकेट पूर्ण फुगवून बघा. छाती दाबली जाऊन श्वास अडतो का? वर सरकतं का? मुलींनी छातीवरच्या आडव्या पट्ट्याची जागा आणि खांद्यांचा आकार नीट बघावा; 'युनिसेक्स' म्हणून विकलं जाणारं पुष्कळदा पुरुषांच्याच मापाचं असतं. हवा सोडायच्या दोऱ्या डोळे मिटून सापडल्या पाहिजेत, खास करून मागची खालची, कारण डोकं खाली असताना तीच उपयोगी. आणि इन्फ्लेटर अडकून हवा आपोआप भरत राहिली तर नळी एका हाताने काढायचा सराव पूलमध्येच करा. बाकी रंग काळा घ्या की पिवळा, आमचं काही म्हणणं नाही. आणि हो, बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. बोटीवरचं लाइफ जॅकेट घालाच.

या कॉलमच्या मेलबॉक्समध्ये दुसरा प्रश्न हमखास येतो, 'स्पिअरफिशिंगला हेच जॅकेट चालेल का?' नाही चालणार. भाल्याने मासा मारणं हा श्वास रोखून करायचा खेळ आहे. सिलिंडर लावून भाला चालवणं इटली, फ्रान्स, स्पेनमध्ये कायद्याने बंद आहे, आणि दुसरीकडेही जाणकार त्याला खेळ मानत नाहीत. आपल्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७) भाला विसरा. महाकाय गोबरा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो दिसला तर नमस्कार करून पुढे जा. बाकी ठिकाणी मत्स्य विभागाच्या कार्यालयात आधी विचारा, आणि गावातल्या मच्छीमारांनाही. त्यांच्या पोटाच्या जागेत आपण हौशी पाहुणे असतो.

या खेळात हवेची पिशवी नसते. असतो तो रबरी कंबरपट्टा आणि शिसं. नायलॉनचा पट्टा नको. खाली गेल्यावर पोट-छाती आवळली जाते, नायलॉनचा सैल होऊन घसरतो. रबरी पट्टा ताणून बांधलेला असतो, तो अंगाबरोबर आवळतो. बक्कल एका झटक्यात सुटणारं. आणि इथे शिशाचा हिशोब आणखी कडक. साधा श्वास सोडल्यावरही पाण्यावर तरंगायलाच हवं. दहा मीटरच्या आसपास ना वर ना खाली अशी स्थिती यावी. कारण श्वास रोखून गेलेला माणूस बेशुद्ध पडतो तो बहुधा तळाशी नाही, तर वर येताना शेवटच्या काही मीटरांत किंवा डोकं बाहेर काढल्यावर. दाब कमी होतो तसा फुफ्फुसातल्या उरल्यासुरल्या प्राणवायूचा जोर झपकन उतरतो. त्या क्षणी शिसं कमी असेल तर शरीर वर राहतं आणि जोडीदार तोंड उचलून धरू शकतो. शिसं जास्त असेल तर ते गढूळ पाण्यात खाली जातं, आणि रत्नागिरीच्या पाण्यात ते शोधायचं कुणी? म्हणून एक खाली, एक वर बघत. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही.

कथलाच्या डब्यासारखा दिसणारा का होईना, पण एक फ्लोट दोरीने बांधून सोबत ठेवा, त्यावर झेंडा लावा. मिरकरवाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या यांत्रिक बोटींना तुमचं काळं डोकं दिसत नाही. मारलेला मासाही फ्लोटला लटकवा, कमरेला नको.

दिवस निवडताना पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी ढवळलेलं असतं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. डिसेंबर ते मार्च बरे. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही.

घरी आल्यावर जॅकेटच्या आतही गोडं पाणी भरून, हलवून, नळीवाटे काढून टाका, थोडं फुगवून सावलीत वाळवा. मीठ आत वाळलं की व्हॉल्व्ह अडकतो, आणि कोकणातल्या दमट हवेत बुरशी फुकट मिळते.

मित्राचं एक्सएल जॅकेट सध्या विकायला आहे. तीनदाच वापरलंय. त्याने मधल्या काळात कमरेचं शिसं नऊ किलोंवरून पाचवर आणलं, भाड्याच्या साध्या विंगवर एक अख्खा सीझन काढला, आणि आता तो पट्टा स्वतःच्या मापाने कापून हार्नेस बांधून घेतोय. मांडवीच्या घरात आईने त्या डी-रिंगा पाहून विचारलं म्हणे, 'हे बैलाला की तुला?'