दुसरी चाबी कुणाकडे?

दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाकडच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक आणि घरोघरी पाहुणे. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावात नोकरीपायी येऊन किरायाने राहणाऱ्यांच्या खोल्याही तेव्हा भरलेल्या असतात. गुरुजींकडे साळा येतो, त्याच्यासोबत त्याचे दोन मित्र येतात. नाटक पहाटे सुटतं, म्हणून खोलीची चाबी आधी परतणाऱ्याच्या खिशात जाते. घरमालक काही म्हणत नाही. बहुतेक वेळा तोच विचारतो, "गुरुजी, गाद्या कमी पडत असतील तर आमच्याकडच्या घेऊन जा ना जी."

तीच चाबी फेब्रुवारीत अनोळखी हातात दिसली, की त्याच घरमालकाच्या कपाळाला आठी पडते. समजा, गुरुजींची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. सामान अर्धं इथंच राहिलं आणि खोलीत भाचा राहू लागला. किराया वेळेवर येतो, पण गुरुजी दिसत नाहीत. मग भाच्याचा एक वर्गमित्र येतो, तोही टिकतो. आता आपला किरायदार नेमका कोण, हे घरमालकालाच सांगता येत नाही. असे प्रसंग दिघोरीत येतात, साकोलीत येतात, नागपूर-मुंबईत तर रोजचे आहेत. त्यावर घरमालक जे करतात त्यातलं बरंचसं घाईचं असतं आणि काही तर सरळ बेकायदा असतं.

आधी कुलपाचंच बघू. गावातल्या खोलीला बहुधा कडी-कोयंडा असतो आणि कुलूप किरायदार स्वतःचं आणतो. मालकाकडे चाबी नसतेच. असली तर किरायदारानेच विश्वासाने दिलेली असते, नळ आला की गुंडभर पाणी भरून ठेवा म्हणून. शहरातल्या फ्लॅटचं लॅच मात्र दारातच बसवलेलं असतं. ते मालकाचं, आणि त्याच्या चाब्या आजवर किती निघाल्या हे कुणालाच ठाऊक नसतं. आधीचे किरायदार, त्यांची कामवाली, रंगारी, दलाल, कुणाकडेही एखादी राहिलेली असू शकते. म्हणून शहरी मालक 'चाबी कुणाला दिली' असं विचारतो आणि गावचा मालक 'आत कोण राहतो' असं विचारतो. गावच्या मालकाचा प्रश्न अधिक नेमका आहे, कायदाही तेवढंच विचारतो.

मालकाच्या मनातली भीती मात्र मुंबईहून आलेली आहे आणि ती उगाच आलेली नाही. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. किराया गोठलेला, घरं अपुरी. त्यामुळे किरायदारांनी जागेचा तुकडा दुसऱ्याला देणं सर्रास सुरू झालं. कायद्याने पोटभाडेकरू ठेवायला मनाई होती, तरी ते राहतच होते. शेवटी २१ मे १९५९च्या अध्यादेशाने तोवर आत असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिलं. मग मालकांनी वाट बदलली. भाडेपट्टा नको, फक्त वापराची परवानगी द्यायची, म्हणजेच 'लीव्ह अँड लायसन्स'. त्यावर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर निदान एक खोली ज्याच्या ताब्यात होती, तो त्या दिवसापासून मालकाचा भाडेकरू मानला गेला. ज्यांनी ओळखीपाळखीत चाबी दिली होती त्यांची जागा अडकली, आणि ज्यांना दुसरीकडे डोकं टेकायला जागा नव्हती अशी कित्येक कुटुंबं रस्त्यावर येण्यापासून वाचली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मालकांच्या घरी पुढच्या पिढीला सांगितली गेली ती पहिली. 'एकदा आत शिरलेला निघत नाही' या वाक्याला महाराष्ट्रात वजन आलं ते या दोन तारखांमुळे.

विदर्भाचा इतिहास वेगळा होता. भंडारा जिल्हा १९५६पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात. इथल्या शहरांना १९४९चा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा घरभाडे आदेश लागू होता. महाराष्ट्र झाल्यावरही तो चालूच राहिला. त्यात किरायदाराला नुसती नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. लेखी संमतीशिवाय घर दुसऱ्याला देणं हे त्या परवानगीचं एक कारण होतं. परवानगी मिळाली की दिवाणी न्यायालयाची पायरी वेगळी. नागपूरकडची किती भांडणं या दोन टप्प्यांत म्हातारी झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तेव्हा कुठे मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा एका कायद्याखाली आले.

तरीही हा कायदा राज्यातल्या प्रत्येक खेड्याला आपोआप लागू होत नाही. तो त्याच्या अनुसूचीत घातलेल्या क्षेत्रांपुरता आहे. घरमालकांनी खरं लक्ष द्यावं ते इथे. जिथे हा कायदा लागू आहे तिथे करारात मुभा नसेल, तर किरायदाराला जागा दुसऱ्याला देता येत नाही. दिली तर घर खाली करून मागायला मालकाला तेवढं कारण पुरतं. जिथे तो लागू नाही तिथे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघावा लागतो, आणि त्यातला नियम बरोबर उलटा आहे. करारात मनाई नसेल, तर भाडेपट्टेदार आपला हक्क पूर्ण किंवा काही अंशी दुसऱ्याला देऊ शकतो, पोटभाड्यानेही देऊ शकतो. एका वर्षाच्या आतला भाडेपट्टा तोंडीही चालतो. म्हणजे 'गुरुजी आपलेच आहेत, कागद कशाला' म्हणून खोली देणाऱ्या खेड्यातल्या मालकाने, नकळत का होईना, भाच्याला आणि त्याच्या मित्राला दार उघडून दिलेलं असतं. महिन्याच्या किरायावर पंधरा दिवसांची नोटीस देऊन तो व्यवहार संपवू शकतो. पण 'तू चाबी दुसऱ्याला दिलीसच कशी' असं ओरडायचा आधार त्याच्याकडे नसतो.

तिसरी तऱ्हा परवान्याची. १८८२च्याच सुखाधिकार कायद्याप्रमाणे परवाना ज्याला दिला त्याच्यापुरताच असतो. सिनेमा-नाटकाच्या तिकिटासारखे अपवाद सोडले, तर तो दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. आपल्या नोकराकरवी किंवा प्रतिनिधीकरवीही वापरता येत नाही. आज अकरा महिन्यांचा म्हणून जो करार होतो तो या प्रकारचा. किराया तोच, खोली तीच, पण भाच्याच्या हातातल्या चाबीचा अर्थ तीन ठिकाणी तीन वेगळा. हे घरमालकाला कुणी समजावून सांगत नाही. मुद्रांक विकणारा छापील मसुदा देतो, दोघं सही करतात आणि कागद कपाटात जातो.

न्यायालयांपुढे हा प्रश्न पुष्कळदा गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली 'जगन्नाथ विरुद्ध चंदर भान' या दिल्लीतल्या खटल्यात एक सोपी कसोटी दिली. बाप धंद्यातून निवृत्त झाला आणि दुकान मुलं बघू लागली, म्हणून मालकाने जागा परत मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. दुसरा कुणी जागा वापरतो एवढ्याने ताबा गेला असं होत नाही. मूळ किरायदाराने स्वतःचा कायदेशीर ताबा सोडला पाहिजे, त्याला हवं तेव्हा आत शिरता येत नाही अशी स्थिती आली पाहिजे. पुराव्याची वाटणीही निकालांतून पक्की झाली आहे. परका माणूस एकटाच ताब्यात आहे हे मालकाने दाखवायचं. ते दाखवलं की तो तिथे का आहे, याचा खुलासा किरायदाराने करायचा. चोरून घेतलेल्या पैशाची पावती कुणी ठेवत नाही हे न्यायालयांना माहीत आहे, म्हणून परिस्थितीवरूनही निष्कर्ष काढला जातो.

चाबीबद्दलचा सगळ्यात स्पष्ट निकाल मात्र लंडनचा आहे. 'अस्लन विरुद्ध मर्फी' या १९८९च्या खटल्यात तळघरातली एक खोली होती, सव्वाचार फूट बाय साडेबारा फूट. करारात लिहिलेलं, की चाब्या मालक स्वतःकडे ठेवील आणि राहणाऱ्याने रोज सकाळी साडेदहा ते बारा बाहेर राहायचं. हेतू एकच, तो भाडेकरू ठरू नये. न्यायाधीश लॉर्ड डोनल्डसन यांनी सांगितलं, की चाबी कुणाकडे आहे यात काही जादू नाही. ती का ठेवली आहे ते बघा. मालक खरोखर झाडलोट करायला, चादरी बदलायला येत असेल तर गोष्ट वेगळी. इथे तसं काही नव्हतं. ती कलमं दिखाऊ ठरली आणि राहणारा भाडेकरू ठरला.

या कसोटीने बघितलं तर मंडईचे पाहुणे, बाळंतपणाला आलेली बहीण, दवाखान्यासाठी चार दिवस थांबलेले सासरे, आजारपणात डबा घेऊन येणारी मैत्रीण यांच्यापैकी कुणाच्याही हातात चाबी असणं हा गुन्हा नाही, करारभंगही नाही. असं असताना 'खोलीवर कुणी यायचं नाही' अशी अट घातली जाते, आणि ती सगळ्यात कडक लागते एकटीने राहणाऱ्या मुलींना. नोकरीवर नव्याने आलेल्या परिचारिकेला किंवा शिक्षिकेला खोली देताना मालक दुसरी चाबी हक्काने मागून घेतो, 'तुमच्याच भल्यासाठी'. ती कामावर असताना घरातलं कुणीतरी खोलीत डोकावून जातं. भांडी हललेली असतात, खिडकी उघडी असते. तिने कुणाला सांगायचं? पोटभाडेकरूची भीती आणि बाईवरची पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी खपवली जाते. हे थांबलं पाहिजे.

मालकाला पाहणीचा हक्क आहेच. १९९९च्या कायद्यात तो लिहिला आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. केंद्राने २०२१ साली राज्यांसाठी केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात ही सूचना लेखी किंवा फोनवरच्या संदेशाने निदान चोवीस तास आधी द्यायला सांगितली आहे. गावात एवढा कागदोपत्री कारभार कुणी करणार नाही. पण "मॅडम, उद्या संध्याकाळी मिस्त्री आणतो, छत पाहायचं आहे," एवढं सांगायला काही अडत नाही.

मालकाच्या काळजीतला एक भाग रास्त आहे, तो म्हणजे आत राहणारा माणूस माहीत असणं. शहरांत पोलीस आयुक्त भाडेकरूंची माहिती ठाण्याला देण्याचे आदेश वेळोवेळी काढतात. दिघोरीला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, गावात पोलीस पाटील असतात. खोलीत नवा माणूस राहायला आला तर किरायदाराने त्याचं नाव आणि ओळखपत्राची प्रत मालकाला द्यावी, मालकाने ती ठाण्यात द्यावी. उद्या काही घडलं तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार आहे. भाच्याला लपवून ठेवण्यात किरायदाराचंही नुकसानच आहे.

पटलं नाही म्हणून स्वतःचं कुलूप ठोकणं, पाणी तोडणं, मीटरचा फ्यूज काढणं ही मात्र मालकाची सगळ्यात मोठी चूक. भाडे नियंत्रण कायदा अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई करतो. १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, कायद्याची वाट सोडून बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. तिथे जागेची मालकी कुणाची, हा प्रश्नच विचारला जात नाही. भाच्याला बाहेर काढायला म्हणून ठोकलेलं कुलूप मग मालकालाच न्यायालयाच्या हुकमाने काढावं लागतं.

त्यापेक्षा चार ओळी आधी लिहाव्यात. खोलीत कोण कोण राहणार त्यांची नावं. कुलूप कुणाचं, चाब्या किती, कुणाकडे किती. पाहुणा सलग किती दिवस राहिला की कळवायचं, पंधरा की तीस, ते दोघांनी ठरवावं. जागा दुसऱ्याला द्यायची नाही, हे स्पष्ट शब्दांत. चाबी हरवली तर कुलूप बदलायचा खर्च कुणाचा. मालकाकडे दुसरी चाबी राहणार असेल तर ती कोणत्या प्रसंगी वापरायची, आणि किरायदाराला नको असेल तर ती न ठेवण्याचीही मुभा. लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक एकूण रकमेच्या पाव टक्का लागतो आणि ग्रामीण भागात नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. तो नोंदवला नाही, तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. पोटभाड्याची आणि चाबीची अटही त्यातच आली.