निवृत्तीनंतरचं तळं

रिटायर झालेल्या माणसाला जो भेटेल तो एकच विचारतो, "मग, आता वेळ कसा जातो?" मी म्हणतो, गळ टाकून बसतो. की लगेच पुढचा प्रश्न.. "कुठं? येलदरीला का?" आमच्या सेनगावकडच्या माणसाला मासे म्हटलं की येलदरीच आठवते. त्यात नवल काही नाही. जिंतूरच्या रस्त्याला लागलं की पूर्णा नदीवरचं हे धरण, त्याच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, आणि पलीकडे पैनगंगेवर इसापूर. इतकं मोठं पाणी जवळ असताना माणूस लहान तळ्याकडं कशाला बघेल?

तरीही माझं मत विचाराल तर निवृत्त माणसानं मोठ्या पाण्याच्या नादी लागू नये. आणि तळं निवडताना 'मासे कुठं जास्त' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

अमेरिकेत क्रॅपी नावाचा एक मासा आहे. वीत-दीड वीत लांबीचा, बुडालेल्या झाडांच्या आडोशाला थव्यानं राहणारा. वसंत ऋतूत अंडी घालायला काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा फार लाडका. निवृत्तीनंतर क्रॅपीसाठी कुठला तलाव चांगला, याच्या तिकडं याद्या निघतात. मिसिसिपीतला ग्रेनाडा, टेनेसीतला रीलफूट अशी नावं त्यात असतात. तिथल्या माणसानं राज्याचा परवाना काढला, दिवसाला किती मासे धरायचे ती मर्यादा पाळली, की झालं. अनेक राज्यांत ज्येष्ठांना परवान्यात सवलतसुद्धा आहे.

आपल्याकडं अशी यादी करायला बसलं की पहिल्याच ओळीला अडतं. कारण आपल्या तलावातला मासा बहुतेक वेळा कुणाचा तरी असतो. सरकारचा मत्स्यव्यवसाय विभाग तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं देतो. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज विकत आणून पाण्यात सोडते, राखण करते. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप वाढत नाहीत हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातली वाहती, फुगलेली नदी लागते. म्हणजे गावच्या तळ्यात तुमच्या गळाला दोन किलोचा कटला लागला, तर तो देवानं दिलेला नसतो. कुण्या भोयानं बोटाएवढा असताना विकत घेऊन सोडलेला असतो.

"अहो, गळानं दोन मासे धरले तर संस्थेचं काय बुडतं?" असं मला एकानं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या ज्वारीतली चार कणसं हुरड्याला कुणी न विचारता मोडली तर तुमचं काय बुडतं? काहीच नाही. पण धुऱ्यावर उभं राहून "घेऊ का?" म्हणून विचारलं तर तुम्ही चारच्या जागी दहा द्याल. न विचारता घेतली तर दुसऱ्या दिवसापासून राखणीला बसाल. फरक कणसांचा नसतोच.

आणि इथं पेन्शनवाल्यांनी जरा स्वतःकडं बघावं. महिन्याच्या महिन्याला आपल्या खात्यात पैसे पडतात. भोयाच्या खात्यात पाऊस पडला तरच पडतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते वर्ष आठवा. अशा वर्षी तळं आटतं तेव्हा आपला फक्त छंद बंद पडतो. त्याचं बियाणं, ठेका आणि वर्षभराची मेहनत चिखलात जाते. त्याच्या पोटाचा मासा आपण विरंगुळ्यासाठी न्यायचा, हे काही मला पटत नाही.

मग गळ टाकायचाच नाही का? टाकायचा की! तिलापिया धरायचा. उजनीकडं ज्याला चिलापी म्हणतात तोच. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला आणि मग आवरेना. नर काठाच्या उथळ पाण्यात वाटीसारखा खड्डा करतो, मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. त्याला वाहती नदी लागत नाही. साचलेल्या पाण्यात तो वाढतच राहतो आणि संस्थेनं सोडलेल्या माशांच्या खाण्यात वाटेकरी होतो. तो काठाशी येतो, कणकेच्या गोळीला किंवा गांडुळाला लागतो, आणि तो कमी झाला तर कुणी सहसा रडत नाही. आपला क्रॅपी म्हणायचा तर हाच. रोहू-कटल्याचं पिल्लू लागलं तर हात ओला करून गळ काढावा आणि सोडून द्यावं.

आता पाण्याचं. धरणाच्या फुगवट्याला उन्हाळ्यात काठ पार लांब जातो. मधे राहतो तो काळा गाळ. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. साठीतल्या माणसानं एकट्यानं तिथं जाऊ नये. पावसाळ्यात धरणाच्या दारांखाली नदीत तर बसूच नये, पाणी सोडलं की पळायला वेळ मिळत नाही. पाझर तलावांची गोष्ट निराळी. १९७२ च्या दुष्काळी कामांपासून असे तलाव मराठवाड्यात पुष्कळ झाले. पण त्यांचं कामच मुळी पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना देणं. तिथं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बसावं, पुढं पाणी उरेलच असं नाही.

म्हणून माझी यादी अशी. तळं घरापासून इतक्या जवळ असावं की मुलाला गाडी काढायला सांगावं लागू नये. काठाला एखादं बाभळीचं का होईना, झाड असावं. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणीतरी शेतात असावं. आणि तळं ज्या संस्थेकडं आहे तिच्या माणसाला आधी भेटून विचारलेलं असावं. तो कुठं बसायचं ते सांगतो, कुठं खोल आहे ते सांगतो, आणि चार दिवस दिसला नाहीत तर "गुरुजी, बरं आहे ना?" म्हणून विचारतो. नोकरी सुटल्यावर आपल्याला असं विचारणारी माणसं भराभर कमी होतात. हे मात्र कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

येलदरी मोठी आहे, सुंदर आहे. पाहुणे आले की जरूर दाखवायला न्यावं. रोज बसायला मात्र ज्याच्या मालकाला आपण तोंड दाखवू शकतो, असंच पाणी बरं.