गिरणीवाल्याने घेतलेली जात्याची बाजू

भोंगवलीत माझी पिठाची गिरणी आहे. जात्यावरच्या ओव्या ज्या धंद्यामुळे थांबल्या, त्याच धंद्यावर माझं घर चालतं. तरीही सांगतो, बाईमाणसाच्या दुःखाचं याहून अस्सल गाणं मराठीत नाही, आणि त्याला कीबोर्ड अन् ढोलकी चिकटवण्याचा उद्योग आता थांबावा.

पुतण्या हिंजवडीला नोकरीला. त्याने मला रॉबर्ट जॉन्सन ऐकवला. अमेरिकेतल्या मिसिसिपीचा हा काळा गवई 1938 साली, सत्ताविसाव्या वर्षीच गेला. 1961 मध्ये कोलंबिया कंपनीने त्याच्या जुन्या गाण्यांची तबकडी काढली आणि बॉब डिलनसारखे लोक तिच्या नादी लागले. एक माणूस, एक गिटार, बस्स. ओळ एकदा म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरीत उत्तर द्यायचं. इंग्रजी मला फारसं कळत नाही, पण ती परत म्हणायची रीत ओळखीची वाटली. आमच्या आयाही जात्यावर अर्धी ओळ घोळवायच्या, मध्ये ‘ग बाई’ घालायच्या. तेवढ्यात पुढची ओळ सुचायची.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ या अभ्यासकांच्या जोडीने गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सुरुवात आपल्याच पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून झाली. पुढे नव्वदच्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्यासोबत ध्वनिमुद्रण झालं, आणि 2017 पासून ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट ऐकता येतं. परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेला सीतेचा वनवास ऐका. रामायण राहतं बाजूला, एका टाकलेल्या बाईचं गाऱ्हाणं ऐकू येतं.

हे गाणं टिकतं कशामुळे? माझं मत असं की ते कुणाला ऐकवण्यासाठी नव्हतंच. पहाटे घर झोपलेलं असायचं. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेराबद्दल जे दिवसा बोलायची सोय नव्हती, ते खुंटा धरल्यावर मोकळं व्हायचं. आवाजाला लय दगडाच्या वजनाची. मूठभर वैरण घालायला हात गेला की सूर जरा सैल पडायचा. (दगडाला टाकी नीट लागलेली नसेल तर जातं जड जातं. ते ओझंही सुरात उतरत असणार, असं मला तरी वाटतं.) स्टुडिओत हे सगळं ‘साफ’ करतात. उरते ती नुसती चाल.

आता आमच्याकडे जातं दिसतं ते लग्नात, हळदीला. पाच जणी खुंट्याला हात लावतात, फोटो निघतो, आणि गाणं मोबाइलवर वाजतं. गिरणीने दळायचे कष्ट वाचवले, त्याची मला यत्किंचितही खंत नाही. माझ्या आईलाही नव्हती. पण कष्ट गेले म्हणून आवाजही जावा, असं काही ठरलेलं नव्हतं.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत ऐंशी ओलांडलेल्या आज्या अजून आहेत. ज्यांच्या घरात अशी आजी असेल त्यांनी या दिवाळीत टीव्ही आणि पंखा बंद करून तिच्यासमोर फोन ठेवावा. आधी तिचं नाव आणि माहेरचं गाव तिच्याच तोंडून घ्या, मग मध्ये न बोलता ऐका. संगीत नंतरही घालू नका.